मैदान आखूड करणारा माणूस

फुटबॉलच्या खेळात कीर्तीची वाटणी फारशी न्यायाने होत नाही. चेंडू जाळ्यात धाडणारा पाय साऱ्या जगाच्या स्मरणात राहतो. चेंडू त्या पायापर्यंत पोहोचूच नये म्हणून नव्वद मिनिटे घाम गाळणारा बचावपटू मात्र ज्या दिवशी त्याच्या हातून चूक घडेल त्याच दिवशी लोकांच्या दृष्टीस पडतो. व्हिएन्ना शहरात २९ नोव्हेंबर १९२५ रोजी जन्मलेल्या एर्न्स्ट हापेल या ऑस्ट्रियन बचावपटूच्या वाट्याला हा अन्याय खेळाडू म्हणून तर आलाच. पण पुढे प्रशिक्षक या नात्याने युरोपचा सर्वोच्च चषक दोन निरनिराळ्या संघांना मिळवून देणारा पहिला माणूस ठरल्यावरही तो सर्वस्वी टळला असे म्हणता येत नाही. आधुनिक फुटबॉलमधील जी क्रांती डच लोकांच्या नावावर जमा आहे, तिच्या जमाखर्चात या व्हिएन्नावासीयाची रक्कम किती, हा हिशेब फार थोड्यांनी मांडलेला आहे.

हापेलचे जन्मवर्ष या खेळाच्या कायद्याच्या दृष्टीनेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. तोपर्यंत ऑफसाइडचा नियम असा होता की, सहकाऱ्याने चेंडू पुढे ढकलला त्या क्षणी आघाडीच्या खेळाडूच्या पुढे प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असले पाहिजेत. १९२५ साली या तिनांचे दोन झाले. आणि त्या दोघांपैकी एक बहुधा गोलरक्षकच असल्यामुळे बचावाचा सगळा भार व्यवहारतः शेवटच्या एका माणसावर येऊन पडला. गोलांची संख्या एकाएकी वाढली. त्यावर इंग्लंडात, विशेषतः हर्बर्ट चॅपमनच्या अमलाखालील आर्सेनल संघात, असा तोडगा निघाला की, मैदानाच्या मध्यभागी राहून खेळ रचणाऱ्या सेंटर हाफला तेथून उचलून दोन बचावपटूंच्या मधोमध तैनात करावे. व्हिएन्नाने हा तोडगा मनापासून झिडकारला. ह्यूगो माइस्लच्या देखरेखीखाली १९३१ च्या सुमारास उदयास आलेला, माथियास झिंडेलारसारख्या कृश पण विलक्षण कल्पक खेळाडूभोवती रचलेला आणि जवळजवळच्या पासांनी प्रतिस्पर्ध्याला गुंगवून टाकणारा ऑस्ट्रियाचा तो 'अद्भुत संघ' हा शहराच्या अभिमानाचा विषय होता. कॉफीगृहांतून तासन्‌तास चालणाऱ्या चर्चांत त्याच्या खेळाची समीक्षा नाटकांच्या समीक्षेइतक्याच गांभीर्याने होत असे. अशा शहरात सेंटर हाफला केवळ पहारेकरी करून ठेवणे म्हणजे एक प्रकारचा अरसिकपणाच. सारांश, बचाव ही जेथे दुय्यम दर्जाची विद्या समजली जात होती, अशा गावी हापेलने बचावपटू व्हावे हा योगच मोठा विलक्षण होता.

त्याचे बालपण सुखाचे नव्हते. आजीने त्याला वाढविले. पश्चिम व्हिएन्नातील कामकरी वस्त्यांचा लाडका संघ रापिड, आणि त्याच्या बालगटात हापेल वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी दाखल झाला, तो काळ ऑस्ट्रिया हे राष्ट्र जर्मनीने गिळंकृत केल्याचा. ऑस्ट्रियन संघ जर्मन स्पर्धांत खेळू लागले, आणि १९४१ साली रापिडने शाल्केचा ४–३ असा पराभव करून जर्मनीचे अजिंक्यपद पटकावण्याचा चमत्कारही करून दाखविला. त्यानंतरच्या वर्षी हापेल पहिल्या संघात आला, पण लवकरच त्याला सैन्यात भरती करून पूर्वेच्या आघाडीवर पाठविण्यात आले. युद्ध संपले तेव्हा व्हिएन्ना चार विजेत्या राष्ट्रांच्या अमलाखाली विभागलेले होते. मैदानावर परतलेल्या त्या तरुणाने पुढील बारा-तेरा वर्षांत रापिडला सहा वेळा देशाचे अजिंक्यपद मिळवून देण्यात भाग घेतला आणि ऑस्ट्रियाच्या वतीने ५१ आंतरराष्ट्रीय सामने खेळले.

ज्यांनी त्याला खेळताना पाहिले त्यांच्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते: हापेल धावताना दिसत नसे. प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे लागणे, त्याला पाडणे, धापा टाकीत गोलरेषेवरून चेंडू बाहेर काढणे, हे सारे त्याला हलक्या प्रतीचे वाटे. चेंडू कोठे येणार हे आधीच ताडून तेथे जाऊन उभे राहायचे, आणि तो पायाशी आला की निर्विकारपणे आपल्या माणसाकडे सोपवायचा, ही त्याची रीत. त्याचा बचावातील साथीदार माक्स मेर्केल हाही पुढे मोठा प्रशिक्षक झाला. म्युनिक १८६० ला १९६६ साली आणि न्यूरेम्बर्गला १९६८ साली त्याने जर्मनीचे अजिंक्यपद मिळवून दिले, आणि त्या विजेत्या संघाची मनमानी मोडतोड करून पुढच्याच वर्षी न्यूरेम्बर्गला दुय्यम श्रेणीत लोटण्याच्या कामीही त्याचाच हात होता. मेर्केल बोलका, विनोदी, वृत्तपत्रांतून स्तंभलेखन करून सहकाऱ्यांची टोपी उडविणारा; हापेल घुमा. एकाच मैदानावरच्या, एकाच बचावफळीतल्या या दोन माणसांची प्रकृती इतकी भिन्न असावी, याचे नवल वाटते.

१९४९ साली रापिडने ब्राझीलचा दौरा केला आणि तेथे या मंडळींनी बचावाची एक निराळीच तऱ्हा पाहिली. युरोपात तेव्हा प्रत्येक बचावपटूला एक ठरावीक प्रतिस्पर्धी नेमून दिलेला असे, आणि तो जाईल तेथे सावलीप्रमाणे जाणे हेच त्याचे कर्तव्य मानले जाई. ब्राझीलमध्ये माणसाऐवजी जागेचा बंदोबस्त ठेवण्याची पद्धत रुजू लागली होती: मैदानाचा अमुक पट्टा माझा, त्यात जो कोणी शिरेल त्याची जबाबदारी माझी. रापिडने ही कल्पना व्हिएन्नात आणली आणि आपल्या सोयीप्रमाणे वापरली. हापेलच्या सबंध प्रशिक्षक-कारकीर्दीचे बीज या दौऱ्यात शोधणे मला योग्य वाटते, कारण पुढे त्याने जे जे केले त्याच्या मुळाशी 'माणसाला अडवू नका, त्याची जागा काढून घ्या' हेच एक सूत्र दिसते.

१९५४ च्या विश्वचषकात ऑस्ट्रियाचा संघ खरोखरच समर्थ होता. लोझान येथे रणरणत्या उन्हात यजमान स्वित्झर्लंडने पहिल्या वीस मिनिटांतच तीन गोल चढविले असता आणि आपला गोलरक्षक उष्माघाताने भ्रमिष्टासारखा उभा असता, ऑस्ट्रियाने तो सामना ७–५ असा जिंकला. विश्वचषकाच्या एका सामन्यात बारा गोल झाल्याचे दुसरे उदाहरण नाही. परंतु बाझेलच्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीने याच संघाचा ६–१ असा धुव्वा उडविला, आणि व्हिएन्नातील जनतेच्या क्रोधाला गोलरक्षक वाल्टर झेमान व हापेल हे दोघे अपराधी सापडले. तिसऱ्या क्रमांकासाठी उरुग्वेवर ३–१ असा विजय मिळविणाऱ्या संघात हापेलला स्थान नव्हते. त्या वर्षीच त्याने व्हिएन्ना सोडून पॅरिसच्या रेसिंग क्लबचा मार्ग धरला. पराभवाचे कारण एका माणसाच्या माथी मारणे जनतेला नेहमीच सोयीचे वाटते; सहा गोल खाणाऱ्या संघाची मध्यफळी त्या दिवशी काय करीत होती, हा प्रश्न विचारण्याची कोणालाच घाई नव्हती.

दोन वर्षांनी तो परत आला, आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये एका रात्री त्याने व्हिएन्नाचे सर्व देणे व्याजासह फेडले. युरोपीय चषकाचा पहिलावहिला विजेता रियल माद्रिद हा संघ प्राटरच्या मैदानावर आला होता. स्पेनमधील पहिला सामना रापिडने ४–२ असा गमावलेला. प्रकाशझोतात झालेल्या या दुसऱ्या सामन्यात हापेलने, म्हणजे एका बचावपटूने, दोन फ्री किक आणि एक पेनल्टी अशा तीन फटक्यांनी डी स्टेफानोच्या संघाविरुद्ध तीन गोल केले. सामना ३–१ असा रापिडने जिंकला, एकूण गोल ५–५ झाले. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलांना अधिक मोल देण्याचा नियम तेव्हा अस्तित्वात असता, तर रियल माद्रिद तेथेच बाद झाले असते. पण तो नियम यायला अजून जवळजवळ दहा वर्षे होती. तिसरा सामना माद्रिदमध्ये भरविण्यात आला आणि तेथे रियलने २–० असा निकाल लावला. चौदा वर्षांनी, युरोपविजेत्या फेयनूर्डचा प्रशिक्षक असताना, रुमानियाच्या अराद गावच्या साध्या संघाशी १–१ आणि ०–० अशी बरोबरी करून हापेल याच नियमान्वये पहिल्या फेरीत बाद झाला. नियम नव्हता तेव्हा त्याच्या अभावाने मारले, आला तेव्हा त्याच्या अस्तित्वाने.

१९५९ मध्ये खेळ थांबवून त्याने काही काळ रापिडच्या फुटबॉल विभागाचा कारभार पाहिला, आणि १९६२ मध्ये हॉलंडमधील द हेग येथील एडीओ या संघाकडे त्याची नेमणूक झाली. हॉलंडचे फुटबॉल त्या वेळी युरोपात कोणाच्या खिजगणतीत नव्हते; पगारी खेळाडूंना तेथे मान्यता मिळून जेमतेम आठ वर्षे झाली होती. अशा देशातील मधल्या फळीच्या संघाला त्याने सात वर्षांत पुरते बदलून टाकले, डच चषकाच्या अंतिम फेरीत एकामागून एक अपयश पदरी घेतले आणि अखेर १९६८ साली आयाक्सला २–१ असे नमवून तो चषक जिंकला. याच काळातील एक किस्सा डच खेळाडू निरनिराळ्या तपशिलांनी सांगत आले आहेत: नव्या प्रशिक्षकाला किती येते हे अजमावणाऱ्या खेळाडूंसमोर हापेलने गोलच्या आडव्या दांडीवर एक रिकामा डबा ठेवविला, वीसेक मीटरांवरून पहिल्याच फटक्यात तो उडविला, आणि आता तुम्ही करा अशी खूण करून बाजूला उभा राहिला. किस्सा घासूनपुसून गुळगुळीत झालेला असणार; पण माद्रिदच्या गोलरक्षकाला दोनदा फ्री किकवर चकविणाऱ्या माणसाबद्दल तो अविश्वसनीय मानण्याचे कारण नाही.

१९६९ मध्ये रॉटरडॅमच्या फेयनूर्डने त्याला बोलाविले, आणि येथून पुढे त्याची रणनीती जरा सविस्तर समजून घेणे अवश्य आहे.

फुटबॉलचे मैदान सुमारे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशावर वीस माणसे विखुरली की, ज्याच्या पायी चेंडू आहे त्याला विचार करायला, मान वर करून पाहायला भरपूर अवकाश मिळतो. आणि अवकाश मिळालेला कुशल खेळाडू हा बचावपटूचा काळ. परंपरागत बचाव या संकटापासून पळून आपल्या गोलजवळ गर्दी करीत असे. हापेलने नेमके उलटे केले. त्याने आपली बचावफळी गोलपासून तीस-पस्तीस मीटर पुढे नेऊन उभी केली. ऑफसाइडच्या नियमामुळे प्रतिपक्षाच्या आघाडीवीरांना त्या फळीच्या पलीकडे आधीपासून जाऊन थांबता येत नाही, म्हणून त्यांना मागे सरकावे लागते. इकडे आपले आघाडीवीरही मागे येऊन दडपण आणतात, आणि पाहता पाहता शंभर मीटरांच्या मैदानातून खेळण्याजोगा चाळीसेक मीटरांचा पट्टा तेवढा उरतो. या अरुंद पट्ट्यात चेंडूवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, कारण दोन-तीन माणसे तत्क्षणी त्याच्यावर तुटून पडतात. कबड्डीतील साखळी चढाईवाल्याला कोपऱ्यात रेटत नेते, त्याच्यामागे वेड्यासारखी पळत नाही. हापेलची फळी तशीच सर्वांनी एकदम पाऊल उचलून चालत असे, आणि एकाचे पाऊल चुकले तर साखळी तुटावी तशी ती तुटतही असे.

यात धोका उघड आहे. बचावफळीच्या पाठीमागे मोकळे रान पडलेले असते. एक लांब पास अचूक पडला, एक माणूस वेळेवर पुढे सरकला नाही, की थेट गोल. म्हणून या पद्धतीला विलक्षण शारीरिक क्षमता, गोलरेषा सोडून पुढे धावणारा गोलरक्षक आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परस्परांवर निःशंक विश्वास लागतो. हापेलचा कठोर सराव आणि त्याची शिस्त या गरजेतून आलेली होती. खेळाडूंना तो व्हिएन्नाची बोली, डच आणि जर्मन यांची अशी काही मिसळ करून हुकूम सोडी की शब्द न कळताही आशय पोहोचावा; बडबड नको, फुटबॉल खेळा, हे त्याचे ठरलेले फर्मान. वार्ताहरांना तो त्याहून कमी बोले. तोंडात सदैव सिगारेट, रात्री पत्ते आणि जुगारगृह, चेहऱ्यावर कायमची अढी: लोकप्रिय होण्यासाठी लागणारा एकही गुण त्याच्यापाशी नव्हता, आणि त्याची त्याला खंतही नव्हती.

फेयनूर्डमध्ये त्याला व्हिम व्हान हानेगम, व्हिम यान्सेन आणि आपलाच देशबांधव फ्रान्ट्स हाझिल अशी मध्यफळी लाभली. पहिल्याच वर्षी या संघाने गतविजेत्या मिलानला बाद केले आणि ६ मे १९७० रोजी त्याच मिलान शहरात, सान सीरोच्या मैदानावर, जॉक स्टीनच्या सेल्टिकशी अंतिम सामन्यासाठी तो उभा ठाकला. १९६७ चा विजेता सेल्टिक जिंकणार हे बहुतेकांनी गृहीत धरले होते. हापेलने वर्षभर खेळलेल्या गोलरक्षकाला बसवून ३६ वर्षांच्या पीटर्स ग्राफलँडला ऐन वेळी उभे केले, तेव्हा हा माणूस बुद्धी गमावून बसला असेच पुष्कळांना वाटले असावे. टॉमी गेमेलने सेल्टिकला पुढे नेले. दोनच मिनिटांत कर्णधार रीनस इस्राएलने बरोबरी साधली. आणि जादा वेळ संपण्यास तीन मिनिटे असताना स्वीडनच्या ओवे किंडव्हालने विजयी गोल केला. निकाल २–१ असा निसटता दिसतो, पण त्या सामन्यात सेल्टिकची मध्यफळी गुदमरून गेली होती, याविषयी पाहणाऱ्यांत फारसा मतभेद नाही.

युरोपीय चषक जिंकणारा हा पहिला डच संघ. आयाक्स नव्हे. आयाक्सने त्यानंतरची तीन वर्षे लागोपाठ हा चषक जिंकला, योहान क्रॉइफ जगाचा लाडका झाला, प्रशिक्षक रीनस मिखेल्स 'टोटल फुटबॉल'चा जनक म्हणून पूज्य ठरला. आणि यातील कोणाचेही श्रेय हिरावून घेण्याचा माझा हेतू नाही. परंतु १९७० च्या वसंत ऋतूत आयाक्स–फेयनूर्ड सामना ३–३ असा सुटला तेव्हा मिखेल्सचा संघ अजून मध्यभागी दोनच माणसे ठेवीत होता, हापेलच्या तीन माणसांनी तेथे त्यांची कोंडी केली, आणि त्यानंतर आयाक्सनेही मध्यफळीत तिसरा माणूस आणला. गुरूने प्रतिस्पर्ध्याकडून धडा घेणे यात कमीपणा नाही. कमीपणा तो धडा कोणी दिला हे विसरण्यात आहे. मिखेल्स आपल्या कल्पना उत्तम शब्दांत समजावून सांगू शके, क्रॉइफ तर अखंड बोले. हापेलने सिद्धान्त सांगितला नाही, पुस्तक लिहिले नाही, शिष्यपरंपरा मिरविली नाही. इतिहास हा पुष्कळदा बोलणाऱ्यांच्या तोंडून लिहिला जातो.

त्याच वर्षी जागतिक क्लब अजिंक्यपदासाठी फेयनूर्डची गाठ अर्जेंटिनाच्या एस्तुदियान्तेस या कुप्रसिद्ध राकट संघाशी पडली. ब्वेनोस आयरेसमध्ये २–२ अशी बरोबरी झाली आणि रॉटरडॅममध्ये चष्मा घालून खेळणाऱ्या यॉप व्हान दाले या बदली खेळाडूने एकमेव गोल केला. त्यावर चिडलेल्या पाहुण्यांनी त्याचा चष्मा हिसकावून मोडून टाकला. विजयाचा पुरावा म्हणून मोडका चष्मा शिल्लक राहण्याचा प्रसंग क्रीडाइतिहासात विरळाच.

सेव्हियातील अल्प मुक्कामानंतर हापेल बेल्जियमच्या क्लब ब्रुगेकडे आला. मध्ययुगीन कालव्यांच्या त्या शांत शहरातील संघाला त्याने १९७६ ते १९७८ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदे दिली आणि दोनदा युरोपीय अंतिम सामन्यात नेले; दोन्ही वेळा समोर लिव्हरपूल. १९७६ च्या यूएफा चषकात ब्रुगेने अॅनफिल्डवर दोन गोलांची आघाडी घेऊन ती ३–२ अशी गमावली. १९७८ च्या युरोपीय चषकात अॅटलेटिको माद्रिद आणि युव्हेंटस यांना बाजूला सारून तो वेम्बलीवर पोहोचला, पण मुख्य आघाडीवीर राउल लाम्बेर जायबंदी असल्याने त्याला केवळ ऑफसाइडच्या सापळ्यावर भिस्त ठेवावी लागली, आणि केनी डॅल्ग्लिशच्या एका गोलाने सामना गेला. इंग्रज टीकाकारांनी या बचावात्मक खेळाला नावे ठेवली. ती काही अगदीच अनाठायी नव्हती. त्या रात्री हापेलची पद्धत तिच्या अर्ध्याच अंगाने मैदानात उतरली होती.

वेम्बलीचा तो सामना १० मेचा. २५ जून रोजी हाच माणूस ब्वेनोस आयरेसमध्ये दुसऱ्या एका, विश्वचषकाच्या, अंतिम सामन्यात बाकावर बसलेला होता, कारण ब्रुगेची नोकरी सांभाळूनच त्याने हॉलंडच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे स्वीकारली होती. क्रॉइफने अर्जेंटिनास जाण्याचे नाकारलेले, व्हान हानेगमही ऐन वेळी बाहेर राहिलेला. स्कॉटलंडकडून ३–२ असा पराभव पत्करून हा संघ रडतखडत दुसऱ्या फेरीत शिरला, आणि तेथे त्याची पहिली गाठ पडली ती ऑस्ट्रियाशी. हापेलच्या हॉलंडने हापेलच्या ऑस्ट्रियाचा ५–१ असा पराभव केला. एका आठवड्याने त्याच कोर्दोबा शहरात ऑस्ट्रियाने पश्चिम जर्मनीवर ३–२ असा विजय मिळविला. व्हिएन्नात आजही लोक तो विजय आठवतात, ते पाच गोल नाही.

इटलीविरुद्ध आरी हानने दुरून मारलेल्या प्रचंड फटक्याने दिनो झोफला चकवून हॉलंडला अंतिम फेरीत नेले. तेथे समोर यजमान अर्जेंटिना, लष्करी राजवटीखालील ते भारलेले शहर, आणि रेने व्हान द केर्खोफच्या हाताच्या पट्टीवरून सामन्याआधीच उपस्थित केलेला वाद. अर्जेंटिनाच्या केम्पेसने पहिला गोल केला, नानिंगाने ८२ व्या मिनिटाला बरोबरी साधली, आणि नव्वदाव्या मिनिटाला रेन्सेनब्रिंकचा चेंडू गोलखांबावर आदळून परतला. पाच-सहा इंच आत असता तर विश्वचषक हापेलचा होता. जादा वेळात अर्जेंटिनाने ३–१ असा विजय मिळविला. पारितोषिक समारंभाला डच मंडळी थांबलीच नाहीत.

स्टान्डार्ड लिएजला १९८१ चा बेल्जियन चषक मिळवून देऊन तो हाम्बुर्गला गेला. तेथील व्यवस्थापक गुंटर नेत्सर हा स्वतः नामवंत खेळाडू. त्याने नेमका माणूस हेरला होता. हाम्बुर्गने १९८२ आणि १९८३ अशी दोन्ही वर्षे जर्मनीचे अजिंक्यपद जिंकले, दुसऱ्या वर्षी ब्रेमेनशी गुण समसमान होऊन केवळ गोलांच्या फरकाने. जानेवारी १९८२ पासून पुढचे वर्षभर लागोपाठ ३६ साखळी सामन्यांत हा संघ अपराजित राहिला. हा विक्रम मोडायला तीस वर्षे लागली.

२५ मे १९८३ रोजी अथेन्समध्ये युव्हेंटससमोर उभे राहणे म्हणजे जवळजवळ विश्वविजेत्या इटलीसमोरच उभे राहणे होते: झोफ, जेंतिले, काब्रिनी, शिरेआ, तार्देल्ली, रोस्सी, आणि त्यांच्या जोडीला फ्रान्सचा प्लातिनी व पोलंडचा बोनियेक. युव्हेंटसचा बचाव अजून माणसामागे माणूस लावणारा. क्लाउदिओ जेंतिले हा डेन्मार्कच्या लार्स बास्ट्रुपला चिकटून राहणार हे हापेलने ओळखले आणि नेहमी डावीकडे खेळणाऱ्या बास्ट्रुपला उजवीकडे धाडले. सावली माणसामागे गेली. डावी बाजू मोकळी पडली. नवव्या मिनिटाला फेलिक्स मागाट तिकडून आत आला आणि त्याच्या डाव्या पायाचा वळणदार फटका ४१ वर्षांच्या झोफला ओलांडून जाळ्यात विसावला. उरलेली ऐंशी मिनिटे वोल्फगांग रोल्फने प्लातिनीला डोके वर काढू दिले नाही, आणि निकाल १–० असाच राहिला. येथे मला एक गोष्ट मोठी मौजेची वाटते: माणसाऐवजी जागा सांभाळा असे आयुष्यभर शिकविणाऱ्या हापेलने प्लातिनीपुरता आपला नियम मुकाट्याने बाजूला ठेवला होता. तत्त्वाचा अभिमान सामन्याच्या आड येऊ देण्याइतका तो पुस्तकी कधीच नव्हता.

दोन संघांसह हा चषक जिंकण्याचा मान त्याच्यापूर्वी कोणास मिळालेला नव्हता, आणि तीन निरनिराळ्या संघांना अंतिम सामन्यापर्यंत नेण्याचाही नव्हता. १९८७ मध्ये जर्मन चषक जिंकून त्याने हाम्बुर्गचा निरोप घेतला व पंचवीस वर्षांनी तो मायदेशी परतला. इन्सब्रुकच्या स्वारोव्हस्की टिरोल या संघाला त्याने १९८९ आणि १९९० ची अजिंक्यपदे मिळवून दिली, म्हणजे हॉलंड, बेल्जियम, जर्मनी व ऑस्ट्रिया अशा चार देशांत मिळून आठ. मात्र याच संघाने ऑक्टोबर १९९० मध्ये माद्रिदला जाऊन रियलकडून नऊ गोल खाल्ले. त्याच्या आधीच्या महिन्यात ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय संघ फेरो बेटांच्या हौशी खेळाडूंकडून १–० असा हरला होता. अशा मानहानीच्या काळात, १९९२ च्या प्रारंभी, देशाने सहासष्ट वर्षांच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या हापेलकडे राष्ट्रीय संघाची धुरा सोपविली. आजार ठाऊक असूनही त्याने ती घेतली, आणि मैदानावर येणे सोडले नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस व्हिएन्नात इस्रायलवर मिळविलेला ५–२ हा विजय त्याचा अखेरचा सामना. १४ नोव्हेंबर रोजी इन्सब्रुक येथे त्याचे निधन झाले.

प्राटरच्या स्टेडियमला लवकरच त्याचे नाव देण्यात आले. रियल माद्रिदविरुद्धचे ते तीन गोल याच ठिकाणचे, त्यामुळे निवड सयुक्तिक होती. पण ज्या शहराने १९५४ मध्ये त्याला परदेशी धाडले आणि नंतर पाव शतक त्याच्यावाचून निभावून नेले, त्याने नामकरणाच्या कामी दाखविलेली तत्परता पाहून त्या घुम्या माणसाने खांदे उडविले असते. त्याच्या मृत्यूनंतर चारच दिवसांनी न्यूरेम्बर्गमध्ये विश्वविजेत्या जर्मनीविरुद्ध ऑस्ट्रियाचा सामना ठरलेला होता. साहाय्यक डिटमार कॉन्स्टान्टिनीने संघ उतरविला, प्रशिक्षकाच्या बाकावर हापेलची टोपी ठेवलेली होती, आणि सामना ०–० असा सुटला. तज्ज्ञांनी जर्मनीच्या बोथट आक्रमणाला दोष दिला. ऑस्ट्रियाच्या बचावाबद्दल फारसे कोणी लिहिले नाही.